दुखणं त्याचं, घर दोघांचं

(संघटनेच्या नाशिक येथील बैठकीत आमच्या एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



फळ्यावर आजचा विषय लिहिला गेला तेव्हा दोघीतिघी एकमेकींकडे बघून हसल्या, ते मी पाहिलं. बायकांच्या हक्कांची संघटना, आणि बोलायचं कशावर, तर नवऱ्याच्या आजारपणावर! पतिसेवेचे धडे आपण पोथ्यापुराणांतून, सिनेमांतून, हळदीकुंकवांतून पुरेसे घेतले आहेत. आता संघटनेतही तेच का?

तर कारण असं. मागच्या बैठकीत सातपूरच्या आपल्या कार्यकर्तीने एक केस मांडली होती. नवऱ्याच्या कंबरेतून पायात कळ जाते, वर्षभर तो कामावर नाही, आणि घरात बायकोला मारतो. ती बाई म्हणते, "त्याचं दुखतं म्हणून मारतो हो, अशा वेळी मी कशी सोडून जाऊ?" आपण तासभर बोललो. कायदा आपल्याला पाठ आहे, पोलीस स्टेशनच्या पायऱ्या पाठ आहेत. पण त्या माणसाला नेमकं काय होतंय, ते खरं की ढोंग, त्यावर औषध असतं का, आणि त्याचं करता करता त्या बाईचं काय होतं, या प्रश्नांवर आपली चर्चा पुढे सरकेना. माझ्या घरात दोन वर्षं नसेचं दुखणं मुक्कामाला आहे, हे ठाऊक असल्याने तुम्ही मला बोलायला सांगितलंत. मी डॉक्टर नाही, पतपेढीत नोकरी करते. जे पाहिलं आणि विचारून विचारून समजून घेतलं, ते सांगते.

माझा नवरा ५८ वर्षांचा. अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. आम्ही कॉलेजपासून एकमेकांना अरे-तुरे करणारे, त्यामुळे "आमचे हे" वगैरे म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका रात्री त्याच्या छातीत डाव्या बाजूला कळ आली. छाती आणि डावी बाजू म्हटल्यावर घरात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. रात्री दीड वाजता शेजाऱ्यांची गाडी काढून खासगी दवाखाना गाठला. कार्डिओग्राम चांगला आला. गॅस असेल म्हणून गोळी दिली. दुसऱ्या दिवशी तशीच कळ, त्वचा हुळहुळलेली. तिसऱ्या दिवशी बरगडीवर लाल पुरळ उठलं. घराजवळच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून मलम लिहून दिलं.

त्या रात्री सिन्नरहून माझ्या नणंदेचा फोन आला. तिने दोनच प्रश्न विचारले. एकाच बाजूला आहे का? पट्ट्यासारखं आहे का? आणि म्हणाली, "वहिनी, ही नागीण आहे." निदान सगळ्यांच्या आधी तिने केलं, हे मानायलाच हवं. पुढचं मात्र तिचं ऐकण्यासारखं नव्हतं. तिच्या ओळखीचा एक माणूस मंतरलेला गेरू लावतो, आणि नागिणीचं तोंड शेपटीला मिळण्याच्या आत तो लावला नाही तर माणूस दगावतो, असं तिचं म्हणणं. सासूबाईंनी लगेच गेरू उगाळायला घेतला.

चौथ्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बघताक्षणी नागीण म्हटलं आणि विषाणूवरची असायक्लोव्हिर नावाची गोळी सुरू केली. ८०० मिलिग्रॅमची, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. ही गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यांत चांगली. आमचा त्यातला एक दिवस मलमात गेला. म्हणून तुम्हाला आधीच सांगते, वस्तीत कुणाला एकाच बाजूने पट्ट्यासारखे फोड आले, आग होतेय म्हटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्याच्या डॉक्टरकडेही, कारण डोळा जाऊ शकतो. आणि घरात गरोदर बाई असेल, तिला कांजिण्या येऊन गेलेल्या नसतील, तर तिला त्या फोडांपासून लांब ठेवा.

नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ नसांच्या मुळाशी तो पन्नास पन्नास वर्षं गप्प पडून राहतो. वय झालं, मधुमेह असला, कर्करोगाचे उपचार चालू असले, कुठल्याही कारणाने शरीराची ताकद कमी पडली की तो जागा होतो आणि एका नसेच्या वाटेने बाहेर येतो. कण्यातून निघालेली नस एका बाजूने पुढे येते आणि शरीराच्या मध्यावर थांबते, म्हणून पट्टाही अर्धाच उठतो. आता सांगा, तोंड शेपटीला मिळणार कसं? गेरूवाल्याकडे गेलेल्या बहुतेकांचं वेटोळं पूर्ण होत नाही, आणि श्रेय गेरूला मिळतं. हे मी सासूबाईंना कागदावर माणसाचं चित्र काढून समजावलं. त्या म्हणाल्या, "असेल बाई. पण लावायला काय जातं?" जखमेवर माती जाते, एवढंच मी म्हटलं.

तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. घरच्यांच्या, कारखान्याच्या, शेजाऱ्यांच्या लेखी नागीण गेली. दुखणं खरं तिथून पुढे सुरू झालं.

बनियनची शिवण लागली तरी तो कळवळायचा. पंख्याचं वारं सोसत नसे. पुण्याहून लेक आली, सवयीने बापाला बिलगली, आणि तो असा ओरडला की पोरगी रडायलाच लागली. वर बघावं तर कातडीवर काही नाही, फिकट डाग तेवढे. विषाणूने नस दुखावलेली असते. जखम भरते, पण नस चुकीचे निरोप मेंदूला पाठवत राहते. स्पर्शाचा निरोप आगीचा होऊन पोचतो. पुरळ उठून तीन महिने झाले तरी दुखणं राहिलं तर डॉक्टर त्याला नागिणीनंतरचं नसेचं दुखणं म्हणतात. वय जास्त तितकी त्याची शक्यता जास्त.

या काळात आम्ही तीन दवाखाने पाहिले. एका ठिकाणी त्याला सांगण्यात आलं, "आता काही दिसत नाही, तुम्ही मनातून काढून टाका." कारखान्यातल्या साहेबाने विचारलं, अजून किती दिवस नागीण चालवणार? माझा नवरा तसा बोलका नाही. घरी येऊन एवढंच म्हणाला, "मला खरंच दुखतंय का गं, की वाटतंय?"

हे वाक्य ऐकलं आणि मला आपल्या केंद्रात येणाऱ्या किती जणी आठवल्या! कंबर दुखते, पाय भाजल्यासारखे होतात, डोकं फुटतं, असं सांगणाऱ्या बाईला आजवर काय उत्तर मिळालं आहे? काम नको म्हणून नाटकं. बायकांना सवयच असते. माहेरी जायचं असेल. दुखण्याचा पुरावा मागणारा हा समाज बाईच्या बाबतीत तर पुरावा दाखवला तरी मानत नाही. पुरुषाला ते अविश्वासाचं माप पदरात पडतं तेव्हा तो गोंधळतो, कारण त्याला सवय नसते. वेदनेचा अभ्यास करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने लिहिली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की माणूस दुखतंय म्हणून सांगतो त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. डॉक्टरमंडळींना हे लेखी मांडावं लागलं, यातच काय ते आलं.

मला त्याच्यासाठी करता आलेली पहिली गोष्ट म्हणजे शब्द गोळा करणं. डॉक्टर विचारत, "कसं दुखतं?" तो म्हणे, "दुखतं." पुरुषांना दुखणं सांगायची भाषा आपण शिकवलेलीच नाही. आपल्या बायकांकडे बघा. ठणकतं, ठसठसतं, सलतं, झोंबतं, चुरचुरतं, भगभगतं, पोळतं, चमक निघते, कळ येते, मुंग्या येतात, बधिर वाटतं. प्रत्येकीला फरक ठाऊक असतो. रोज रात्री मी वहीत त्याच्याकडून नेमका शब्द घेऊन लिहायला लागले. "आग. संध्याकाळी जास्त." "वीज चमकल्यासारखी, मोजून चार वेळा." "कापड लागलं की टोचणी." पंधरा दिवसांची ती वही मज्जातंतूंच्या डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी पानं उलटून म्हटलं, अर्धं निदान यातच आहे.

ते का, तेही मी विचारलं. नसेचं दुखणं ओळखायला डॉक्टर दहा मुद्द्यांची एक छोटी प्रश्नावली वापरतात. आग होते का, थंडीसारखं झोंबतं का, विजेचा झटका बसतो का, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज आहे का, असं विचारतात. मग त्या जागी स्पर्श कमी कळतो का, टोचलेलं कमी कळतं का, आणि मऊ ब्रश फिरवला तर दुखतं का, हे तपासतात. दहापैकी चार उत्तरं हो आली तर दुखणं नसेचं असण्याची शक्यता मोठी. म्हणजे आपली ठसठस आणि भगभग ही बायकी बडबड नसते. ती तपासणीच असते. सातपूरच्या त्या नवऱ्याची कंबरेतून पायात जाणारी कळही याच जातीची असू शकते. मणक्याजवळ नस दबली की असं होतं. मधुमेहाने पायांची आग होणारे तर आपल्या प्रत्येकीच्या घरात एक तरी सापडेल.

मग औषधं. इथे एक गंमत, खरं तर गंमत नाही, सांगते. नसेच्या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. चालतात त्या दुसऱ्याच रोगांसाठी निघालेल्या. ॲमिट्रिप्टिलीन ही मुळात नैराश्यावरची, गॅबापेंटिन फिट येण्यावरची. औषधाच्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठी वाचून सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "काका, डिप्रेशन आहे का?" नवऱ्याने घरी येऊन गोळ्या कपाटात टाकल्या. मी काय वेडा आहे का? मी त्याला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना म्हटलं, ही गोळी नसेवर कसं काम करते ते तुम्ही याला समजावून सांगा. त्यांनी सांगितलं, की ही औषधं नसेकडून मेंदूकडे जाणारा दंगा कमी करतात, नैराश्यासाठी लागते त्यापेक्षा डोस पुष्कळ कमी असतो. पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं आधीच दिली असती तर महिना वाचला असता.

या गोळ्या हळूहळू वाढवतात. गुण यायला आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, चक्कर येते, शौचाला त्रास होतो. पुरुषाला लघवीची अडचण असेल, हृदयाचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल, मूत्रपिंडाचा काही दोष असेल, तर डॉक्टरला आधी सांगायचं. आणि गुण आला म्हणून किंवा आला नाही म्हणून मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. दारूबरोबर तर नाहीच. आपल्याकडे येणाऱ्या घरांत हे मोठ्याने सांगायला हवं. याशिवाय बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी त्या जागेवर लावतात, तिचा थोडा उपयोग झाला. सगळ्यांत उपयोग झाला सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते सुती कापड छातीभोवती जरा घट्ट गुंडाळलं की वरच्या सदऱ्याची घसट लागायची नाही. गेरूच्या भांडणानंतर सासूबाईंना आपल्या लुगड्याचा हा मान फार आवडला.

आणखी एक गोष्ट बोलते, जी सहसा कुणी बोलत नाही. नवराबायकोच्या स्पर्शाचं काय? सहा-सात महिने आम्ही वेगळे झोपलो. हात लावायची भीती. त्यालाही वाटायचं की मी लांब गेले, मला वाटायचं की याला मी नकोशी झाले. दुखणं बरगडीवर होतं, पण आमच्या दोघांमधलं अंतरही त्यानेच आखलं. शेवटी आम्ही उजवा हात ठरवला. त्याचा उजवा हात दुखत नाही, तो धरून बसायचं. हसू नका गं. या साध्या गोष्टी ठरवाव्या लागतात, आपोआप होत नाहीत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. हे सगळं करतं कोण? दवाखान्याच्या रांगा, गोळ्यांच्या वेळा, रात्रीचं जागरण, पथ्याचं वेगळं, आलागेला, आणि त्याच्या मनाची समजूत. सरकारने २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, लोक दिवसाचे तास कशात घालवतात त्याची. १५ ते ५९ वयाच्या बायका बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी ३०५ मिनिटं घालवतात. त्याखेरीज घरातल्यांची काळजी घेणाऱ्या बायकांचे १४० मिनिटं त्यात जातात, असं काम करणाऱ्या पुरुषांचे ७४. पाच तास घरकाम आणि वर सव्वादोन तास हे! नोकरी त्यानंतर मोजायची. आजारी माणूस घरात आला की ही मिनिटं कुठे जातात, याचा हिशेब आपल्या वह्यांतून यायला हवा.

माझ्या घरी पहिल्या महिन्यात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मी नोकरी सोडेन, निदान संध्याकाळचं केंद्र तरी. नातेवाईक येत, चहा पीत, आणि म्हणत, "आता तूच त्याचा आधार." सासूबाई म्हणाल्या, "नवरा तळमळतोय आणि तू मीटिंगला निघालीस?" मी म्हटलं, आई, माझ्या पगारावर ही औषधं येतात, आणि मीटिंगमुळे माझं डोकं ठिकाणावर राहतं. दोन्ही सोडले तर दुसरा आजारी मला धरा. मग आम्ही चौघं बसलो. तो, मी, सासूबाई आणि मुलगा. भिंतीवर कागद लावला. सकाळच्या गोळ्या त्याच्या त्याने घ्यायच्या. दुपारचं जेवण मुलाने करायचं, तो इंजिनियर झालाय म्हणून त्याला कुकर लावता येत नाही असं कुठे आहे? मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळ माझी, केंद्राची. त्या दोन दिवशी दीर येऊन बसायचे. दिरांना पहिल्यांदा फार जड गेलं. "म्हणजे मी नुसतं बसायचं?" हो भावजी, नुसतं बसायचं. आम्ही बायका पिढ्यान् पिढ्या तेच करतो आहोत.

या संदर्भात मला साधनाताई आमट्यांची आठवण येते. बाबा आमट्यांचं मणक्याचं दुखणं आपल्याला माहीत आहे. त्यांना बसता येत नसे, एक तर उभं राहायचं नाही तर आडवं पडायचं. १९८५ च्या भारत जोडो यात्रेत ते गाडीत झोपून प्रवास करत होते. १९९० मध्ये त्यांनी नर्मदेकाठी कसरावदला मुक्काम हलवला, तेव्हा साधनाताई त्यांच्याबरोबर गेल्या. ज्या माणसाला खुर्चीवर टेकता येत नाही, त्याची उठबस, अंथरूण, प्रवास, पाहुणे यांची व्यवस्था म्हणजे काय, ते घरात असा माणूस असल्याशिवाय कळत नाही. आपण बाबांच्या सहनशक्तीचं कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण साधनाताईंनी आपल्या आत्मकथनाला नाव दिलं "समिधा". समिधा म्हणजे होमात जळण्यासाठी घातलेली काटकी. त्यांनी ते कृतार्थतेने म्हटलं असेल, त्यांच्या निवडीबद्दल मला आदरच आहे. मला एवढंच वाटतं, की ज्या बाईने असं काही निवडलेलं नाही, तिच्याकडूनही आपण समिधा होण्याची अपेक्षा ठेवतो, आणि ती न झाल्यास तिला बोल लावतो.

आणि आता राग. सततचं दुखणं माणसाला चिडखोर करतं, झोप नसली की आणखी. एका रात्री माझ्या नवऱ्याने जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. मी उठून सासूबाईंना घेऊन बाहेर गेले, आणि तासाभराने परत येऊन त्याला सांगितलं: दुखलं की ओरड, शिव्या दे, उशी बडव. माझ्या दिशेने काही यायचं नाही. पुन्हा आलं तर मी लेकीकडे पुण्याला जाईन आणि तुझे भाऊ तुझं बघतील. त्याने भिंत स्वतः पुसली. तो मोठा गुणी आहे म्हणून हे सांगत नाही. सातपूरच्या त्या बाईच्या नवऱ्यालाही ही निवड असते, हे सांगायचंय. तो कारखान्याच्या सुपरवायझरला मारत नाही, दवाखान्यातल्या रांगेत कुणाला मारत नाही. तिथेही कंबर दुखतच असते ना? मग दुखण्याला घरी येऊनच हात कसे फुटतात? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आजारी नवऱ्याला सूट नाही. संरक्षणाचा आदेश मागणं आणि त्याला सिव्हिलमध्ये दाखवणं, ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात होऊ शकतात, आणि दुसरं काम तिनेच करायला हवं असंही नाही. त्याला भाऊ आहेत, कामावरचे दोस्त आहेत. त्यांना आपण जाऊन भेटलं पाहिजे. तुम्ही त्याची वाट बघत असाल म्हणून सांगते, मी आणि सातपूरची कार्यकर्ती येत्या रविवारी त्याच्या थोरल्या भावाकडे जाणार आहोत.

उलट बाजूही बघा. सिडकोत धुण्याभांड्याची कामं करणारी एक बाई आपल्या केंद्रात येते. तिच्या उजव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची, घास चावताना, तोंड धुताना, गार वारं लागलं की. दाताचं दुखणं समजून दोन दाढा काढल्या. दाढा गेल्या, कळ राहिली. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं ते. सिनेमातल्या सलमान खानला हाच त्रास होता, २०११ मध्ये त्याने परदेशात उपचार घेतले तेव्हा पेपरांतून छापून आलं होतं. पुरुषांपेक्षा बायकांना हे दुखणं जास्त होतं, पण आपल्याला नाव कळलं ते त्या नटामुळे! या बाईचा नवरा तिला म्हणायचा, "बोलताना दुखतं ना, मग तोंड बंद ठेव." तिच्यासाठी वही कुणी ठेवली? तिच्याबरोबर रांगेत कोण उभं राहिलं? तिच्या सात घरांपैकी तीन घरांनी दुसरी बाई लावली. शेवटी तिची बारा वर्षांची मुलगी शाळा बुडवून तिच्याबरोबर गेली. तिला कार्बामाझेपीन सुरू झालं, या दुखण्यावरचं जुनं आणि बहुतेकांना सुरुवातीला गुण देणारं औषध, आणि तिसऱ्या आठवड्यात ती भाकरी चावून खाऊ शकली. तिला आपण सांगितलं आहे, की अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, आणि अधूनमधून रक्त तपासायचं.

माझ्या नवऱ्याच्या दुखण्याभोवती चार माणसं उभी राहिली. तिच्याभोवती एक शाळकरी पोर.

म्हणून केंद्रातल्या आपल्या नोंदवहीत मी दोन रकाने वाढवायला सुचवते. घरात दीर्घ दुखणं कुणाला आहे, आणि त्याचं कोण करतं. नुसते हे दोन प्रश्न विचारले की बायका किती बोलायला लागतात, ते गेल्या दोन महिन्यांत मी पाहिलं आहे. खर्चाचंही सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर दाखल होऊन करायच्या उपचारांवर आहे, महिनोन् महिने चालणाऱ्या गोळ्या त्यात बसत नाहीत, म्हणून त्या जनऔषधी केंद्रात विचारा, तिथे पुष्कळ स्वस्त पडतात. कामगार विमा असेल तर आजारपणात वर्षातले ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो, त्यासाठी दाखला विम्याच्या डॉक्टरचाच लागतो. नागिणीची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस. पण ती खासगीत आणि महाग आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षांच्या शेडमध्ये उभ्याने काम करणाऱ्या पन्नाशीच्या बाईला ती परवडणार नाही. ही मागणी आपल्या निवेदनात घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मला वाटतं घ्यावी.

माझ्या नवऱ्याचं विचारलंत म्हणून सांगते. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, निम्म्याहून कमी आहे. रात्रीची एक गोळी चालू आहे. पंखा एकवर चालतो. कामावर जातो, त्याला बसून करायचं काम मिळालं आहे. कुकर अजून मुलगाच लावतो.

मी फार वेळ घेतला. मागच्या रांगेतल्या त्या निळ्या साडीतल्या ताईंनी मघापासून दोनदा हात वर केलाय. त्यांच्या मालकांच्या पायांची आग होते म्हणून चहाच्या वेळी सांगत होत्या. ताई, पुढे या, माईक घ्या. आधी तुमचं सांगा, मग त्यांचं.